ओपन सोर्स लायब्ररीत क्यूओआय फॉरमॅट घालताना

टीव्हीवर बातम्यांखाली सरकणारी पट्टी, निवेदकाच्या नावाची पाटी, कोपऱ्यातलं घड्याळ हे सगळं आधी पारदर्शक फ्रेमच्या रूपात तयार होतं आणि मग मूळ चित्रावर चढतं. लोअर परळ-अंधेरीकडच्या स्टुडिओंमध्ये हे काम चोवीस तास चालू असतं. त्यातला आमचा वाटा म्हणजे तयार झालेल्या फ्रेम साठवायच्या आणि मागितल्या की पुढे द्यायच्या. १९२० × १०८० ची एक फ्रेम, चार चॅनल (लाल, हिरवा, निळा आणि अल्फा, म्हणजे पारदर्शकता), म्हणजे ८२,९४,४०० बाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला २० कोटी ७३ लाख ६० हजार बाइट. हे कच्चंच लिहिलं तर डिस्क पुरत नाही. पीएनजी केलं तर प्रोसेसर पुरत नाही, कारण पीएनजीच्या पोटातलं डिफ्लेट मागे मागे जाऊन जुळणारे तुकडे शोधत बसतं. मधला मार्ग म्हणून क्यूओआय हा चित्रं साठवायचा फॉरमॅट बरा वाटला, आणि आम्ही वापरतो त्या इमेज लायब्ररीत तो नव्हता. मग तो घालणं आलं.

क्यूओआय, लांबलचक नाव ‘क्वाइट ओके इमेज’, डॉमिनिक शाब्लेव्स्की यांनी नोव्हेंबर २०२१मध्ये मांडला. जानेवारी २०२२मध्ये त्याचं तपशीलपत्र कायम झालं, आणि ते अख्खं एका पानावर मावतं. चित्राची हानी शून्य, आकार साधारण पीएनजीच्या आसपास, वेग मात्र कितीतरी जास्त. व्हिडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगमध्ये तो २०२२च्या ५.१ आवृत्तीपासून आहे. पायथनच्या पिलो या इमेज लायब्ररीत २०२३च्या ९.५ पासून वाचता येतो, पण तिथला डीकोडर (फाइल वाचून चित्र परत उभं करणारा कोड) पायथनमध्येच लिहिलेला, म्हणून संथ. आमची लायब्ररी या दोन्हींपैकी नाही. गाभा सीमध्ये, वर पायथनचं आवरण, आणि चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचण्याची पद्धत. तिचं नाव इथे सांगून काही साधत नाही, कारण पुढचे खाचखळगे अशा घडणीच्या कुठल्याही लायब्ररीत भेटतात.

एका पानाचा फॉरमॅट म्हटल्यावर काम दोन संध्याकाळींचं वाटतं. डीकोडरपुरतं ते खरंही आहे. वेळ जातो तो फॉरमॅट आणि लायब्ररी यांच्या सांध्यावर.

कोडच्या आधी

थेट पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, टाकू नये. आधी इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद, उघडावा आणि त्यात मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, मनात येणारच अशा प्रश्नांची उत्तरं देऊन टाकावीत. तपशील कायम झालाय की अजून बदलतोय? बाहेरची लायब्ररी जोडावी लागेल का? लायसन्स काय? आणखी कोण हा फॉरमॅट वाचतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन वर्षांनी यात बग निघाला तर निस्तरणार कोण? फॉरमॅट घालणं म्हणजे मेंटेनरच्या घरात पाहुणा कायमचा ठेवून जाणं, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही’ असं उत्तर नावानिशी देता आलं पाहिजे. ‘डिअर सर, काइंडली मर्ज अॅट द अर्लिएस्ट’ हा आपल्याकडचा सरकारी सूर तिथे उपयोगाचा नाही. नेमकं, थोडक्यात आणि आकड्यांसह लिहिलेलं पुरतं.

मूळ लेखकाचा संदर्भ कोड एमआयटी लायसन्सचा आहे, एकाच हेडर फाइलमध्ये आहे. लायसन्सची ओळ राखून तो जसाच्या तसा उचलता येतो. आम्ही तो उचलला नाही, कारण तो अख्खी फाइल मेमरीत घेऊन अख्खं चित्र बाहेर देतो. ओळीओळीने चालणाऱ्या लायब्ररीत हे बसत नाही. संदर्भ म्हणून मात्र तो शेवटपर्यंत शेजारच्या खिडकीत उघडा असावा. एका पानावर न मावलेले बारकावे त्यातच सापडतात.

एक कागदी काम लोक हमखास विसरतात. कॉपीराइट अधिनियम १९५७च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा, म्हणजे कंपनी. बरेच प्रकल्प प्रत्येक कमिटवर (कोडमधल्या एकेका नोंदवलेल्या बदलावर) ‘हे देण्याचा मला अधिकार आहे’ अशी सही मागतात. गिटमध्ये कमिट करताना एक पर्याय जोडला की ती ओळ आपोआप येते, त्यामुळे ती वाचायची राहून जाते. कंपनीकडून आधी लेखी परवानगी घ्यावी. दोन ओळींचा ईमेलही चालतो, फक्त त्यात प्रकल्पाचं नाव आणि लायसन्स स्पष्ट हवं.

फॉरमॅट जवळून

हेडर १४ बाइटांचं. पहिले चार बाइट ११३, १११, १०५, १०२, म्हणजे फॉरमॅटची खूण. मग चार बाइट रुंदी, चार बाइट उंची, एक बाइट चॅनलची संख्या (३ किंवा ४) आणि एक बाइट रंगावकाश (० किंवा १). शेवटचे दोन फक्त माहितीसाठी. त्यांच्यामुळे पुढचं एन्कोडिंग बदलत नाही. रुंदी-उंचीत मोठा बाइट आधी येतो. १९२० असेल तर ०, ०, ७, १२८. उलट क्रमाने वाचलं तर रुंदी २ अब्ज १४ कोटींच्या घरात दिसते. तसा आकडा दिसला की दुसरीकडे शोधू नये.

पुढे प्रत्येक पिक्सेलसाठी सहापैकी एक तुकडा. आधीच्यासारखाच पिक्सेल असेल तर रन, एका बाइटात ६२ पिक्सेलपर्यंत. नुकता येऊन गेलेला असेल तर ६४ खणांच्या तक्त्यातला क्रमांक, एक बाइट. आधीच्या पिक्सेलपासून प्रत्येक रंगाचा फरक उणे २ ते १ मध्ये असेल तर डिफ, एक बाइट. फरक थोडा मोठा पण तिन्ही रंगांत मिळताजुळता असेल तर लुमा, दोन बाइट. नाहीतर पूर्ण रंग चार बाइटांत, आणि अल्फाही बदलला असेल तर पाच बाइटांत. शेवटी सात शून्यं आणि एक १, असे आठ बाइट. पहिल्या पिक्सेलच्या ‘आधीचा’ पिक्सेल म्हणून अपारदर्शक काळा धरायचा, आणि तक्ता सुरुवातीला शून्यांनी भरलेला.

रन ६२वरच का थांबतो? रनची खूण वरचे दोन बिट ११, खाली सहा बिटांत लांबी उणे एक. ६३ची लांबी लिहायला गेलं तर बाइट होतो २५४, आणि २५४, २५५ या तर पूर्ण रंगाच्या खुणा. म्हणून डीकोडरने आधी २५४ आणि २५५ तपासायचे, मग दोन बिटांकडे बघायचं. हा क्रम उलटा झाला की पहिल्या भडक कडेपासून पुढचं चित्र फाटतं.

तक्त्यातला खण ठरतो तो असा: लाल गुणिले ३, हिरवा गुणिले ५, निळा गुणिले ७, अल्फा गुणिले ११, सगळ्याची बेरीज, ६४ने भागून बाकी. इथला एक बग फार कावेबाज आहे. तीन चॅनलच्या चित्रात अल्फा नाही म्हणून हिशेबात तो शून्य धरला, तर आपला एन्कोडर (चित्राची फाइल लिहिणारा कोड) आणि आपला डीकोडर एकमेकांशी व्यवस्थित जमवून घेतात. लिहिलेलं परत वाचता येतं, टेस्ट हिरव्या होतात. पण अल्फा अशा वेळीही २५५ धरायचा असतो आणि २५५ × ११ची बाकी ५३ येते, म्हणजे बाकी जगाच्या फायलींपेक्षा आपले सगळे खण ५३ने सरकलेले. आपली फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की रांगोळी. ‘लिहा आणि परत वाचून तुलना करा’ एवढ्याच टेस्टवर विसंबणाऱ्या पुल रिक्वेस्टला चांगला रिव्ह्यूअर म्हणूनच परत पाठवतो. संदर्भ कोडने तयार केलेल्या फायली आणि हाताने मांडलेले बाइट, दोन्ही हवेत.

हाताने मांडायचं सोपं उदाहरण तीन पिक्सेलचं आहे: काळा, पांढरा, काळा, तिन्ही अपारदर्शक. संदर्भ एन्कोडर यासाठी १९२, ८५, १२७ हे तीन बाइट देतो. पहिला काळा आधीच्यासारखाच, म्हणून एकाचा रन, १९२. पांढरा म्हणजे शून्यावरून २५५, पण फरक आठ बिटांत गुंडाळला जातो, म्हणून तो उणे १, आणि तिन्ही रंगांत उणे १चा डिफ म्हणजे ८५. परत काळा, फरक अधिक १, म्हणून १२७. आता हा शेवटचा काळा तक्त्यातून, ५३व्या खणातून का आला नाही? कारण संदर्भ एन्कोडर रनमधले पिक्सेल तक्त्यात टाकतच नाही. संदर्भ डीकोडर मात्र रन वाचल्यावरही तक्ता भरतो. फरक पडतो तो फक्त चित्र काळ्याने सुरू झालं तर. सुरक्षित वागणूक दोन्हीकडे तीच ठेवायची: एन्कोडरने त्या खणावर अवलंबून राहू नये, डीकोडरने तो भरून ठेवावा.

याच तीन बाइटांनी आणखी एक गोष्ट पकडली जाते. फरक साठवायला सीचा साधा एक-बाइट अक्षर प्रकार वापरला तर इंटेलवर तो ऋण आकडे धरतो, ऍपलच्या एम चिपवरही धरतो, पण एआरएमवरच्या लिनक्समध्ये धरत नाही. तिथे उणे १चा २५५ होतो, डिफच्या अटीत बसत नाही आणि एन्कोडर चार बाइटांचा पूर्ण रंग लिहितो. फाइल चुकत नाही, नुसती फुगते. पिक्सेलची तुलना करणाऱ्या टेस्टना याचा पत्ताच लागत नाही. बाइटांची तुलना करणारी टेस्ट तेवढी लाल होते. ऋण-धन चिन्ह असलेला आठ बिटांचा पूर्णांक स्पष्टपणे घोषित केला की विषय मिटतो.

ओळी, बफर आणि मेमरी

क्यूओआयला ओळी माहीतच नाहीत. त्याच्या लेखी चित्र म्हणजे पिक्सेलची एक लांब माळ. १९२० ला ६२ने भागलं तर ३० पूर्ण रन आणि ६० पिक्सेल उरतात, म्हणजे रिकाम्या फ्रेममध्ये रन जवळजवळ प्रत्येक ओळीची हद्द ओलांडतो. लायब्ररी ‘पुढची ओळ दे’ असं म्हणून डीकोडरला हाक मारते तेव्हा आधीचा पिक्सेल, ६४ खणांचा तक्ता (२५६ बाइट) आणि रनमधले उरलेले पिक्सेल हे सगळं दोन हाकांच्या मध्ये जिवंत राहिलं पाहिजे. सगळी स्थिती एका स्ट्रक्टमध्ये ठेवून ती डीकोडरच्या हँडलला टांगायची. ग्लोबल चल नकोत, दोन चित्रं दोन थ्रेडवर उघडली की एकमेकांत मिसळतात.

दुसरी हद्द इनपुट बफरची. संदर्भ डीकोडर प्रत्येक तुकड्याच्या आत पुन्हा लांबी तपासत नाही. तुकडा जास्तीत जास्त पाच बाइटांचा आणि शेवटी आठ बाइट भरणा असतोच, त्यामुळे बाहेर वाचण्याचा धोका नाही, हा त्यामागचा हिशेब. फाइल अख्खी मेमरीत असेल तोवर हा हिशेब बरोबर. आपण ४,०९६ बाइटांचे घास घेत असू तर पाच बाइटांचा तुकडा दोन घासांत विभागला जाऊ शकतो. उरलेले चार बाइटांपर्यंतचे तुकडे पुढच्या घासाच्या तोंडी आणून ठेवावे लागतात. हे राहिलं तर लहान टेस्ट-चित्रं सगळी पास होतात आणि मोठी चित्रं मध्येच कुठेतरी बिघडतात. म्हणून टेस्टमध्ये बफरचा आकार मुद्दाम एक बाइटावर आणून सगळ्या फायली एकदा वाचून घ्याव्यात.

मधल्याच ओळीपासून वाचायला सुरुवात करणं या फॉरमॅटमध्ये शक्य नाही. लायब्ररीत ‘फक्त हा चौकोन वाच’ अशी सोय होती. तिला आम्ही वरून डीकोड करत जा आणि नको ते टाकून दे, असं उत्तर दिलं आणि दस्तऐवजात ते स्पष्ट लिहिलं. कोणी उंच चित्राचे तुकडे करून वाचायला बसला तर प्रत्येक तुकड्याला सुरुवातीपासून वाचावं लागणार. ते त्याला आधी कळलेलं बरं.

मेमरीच्या बाबतीत हेडरवर तिळभर विश्वास ठेवू नये. रुंदी आणि उंची दोन्ही ६५,५३६ असतील तर ३२ बिटांत गुणाकार शून्य येतो, शून्य बाइटांची मेमरी बिनबोभाट मिळते आणि मग तिच्यात लिहायला सुरुवात होते. संदर्भ कोडमध्ये ४० कोटी पिक्सेलची मर्यादा आहे, आणि ती गुणाकाराने नव्हे, भागाकाराने तपासली आहे. तीच रीत घ्यावी. पण तेवढ्याने भागत नाही. १९,००० × १९,००० म्हणजे ३६ कोटी १० लाख पिक्सेल, मर्यादेच्या आत. चार चॅनल धरले तर १ अब्ज ४४ कोटी बाइट. एवढी मेमरी मागायला हल्लेखोराला २२ बाइटांची (हेडरचे १४ आणि शेवटचे ८) फाइल पुरते. वर लायब्ररी रूपांतरासाठी आणखी एक प्रत करत असेल तर आकडा दुप्पट, आणि फझिंग, म्हणजे मुद्दाम विस्कटलेल्या फायली देऊन तपासणं, त्यासाठीच्या लिबफझरची २,०४८ एमबीची मूळ मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

यावर एक स्वस्त उपाय फॉरमॅटमध्येच दडलेला आहे. एका बाइटातून जास्तीत जास्त ६२ पिक्सेल निघतात. म्हणून फाइलच्या आकारातून २२ वजा करून ६२ने गुणायचं, आणि हेडरमधले पिक्सेल त्याहून जास्त असतील तर मेमरी मागण्याआधीच फाइल नाकारायची. स्ट्रीममधून वाचताना आकार माहीत नसतो, तिथे ओळीओळीने वाचण्याचा फायदा होतो.

अर्धवट फाइलचं काय करायचं यावर रिव्ह्यूमध्ये बरीच चर्चा झाली. संदर्भ डीकोडर डेटा संपला तरी तक्रार करत नाही, शेवटचाच पिक्सेल पुढे ओढत राहतो. ब्राउझरसाठी हे ठीक. प्रसारणासाठी अर्धी पाटी ‘यशस्वी’ म्हणून पुढे जाणं हे फाइल न उघडण्यापेक्षा वाईट. शेवटी मूळ वागणूक एरर देण्याची ठरली आणि सैल वागणूक पर्याय म्हणून राहिली. आमच्या मते हेच बरोबर आहे, आणि ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी पर्याय आहेच.

एन्कोडर आणि देवनागरी पाटी

एन्कोडरमध्ये तुकडे निवडण्याचा क्रम ठरलेला: रन, तक्ता, डिफ, लुमा, पूर्ण रंग. चित्र रन चालू असतानाच संपलं तर तो शेवटी बाहेर काढायला विसरू नये, आणि ६२ झाल्यावर लगेच काढावा. तपासणीसाठी पूर्ण पारदर्शक १९२० × १०८० फ्रेम घ्यावी. पहिला पिक्सेल चारही शून्यं, तो तक्त्याच्या शून्याव्या खणात आधीच आहे, म्हणून एक बाइट. उरलेल्या २०,७३,५९९ पिक्सेलसाठी ३३,४४६ रन. हेडर आणि शेपूट धरून फाइल बरोबर ३३,४६९ बाइट. एकाही बाइटाचा फरक आला तर रनचा हिशेब चुकलाय.

डिफ आणि लुमा अल्फाला हात लावत नाहीत. अल्फा बदलला की तक्त्यात सापडला तर एक बाइट, नाहीतर थेट पाच. अक्षरांच्या मऊ कडा म्हणजे नुसते अल्फाचेच बदल, त्यामुळे पाट्यांची किंमत तिथेच ठरते. देवनागरीचा इथे थोडा फायदाच आहे. शिरोरेषेच्या आतला भाग एकसारखा, तिची वरची-खालची कडसुद्धा ओळभर एकाच अल्फाची, म्हणजे रन. काना सरळ उभा, त्याच्या कडेचा अल्फा प्रत्येक ओळीत तोच, म्हणजे तक्त्यातून एक बाइट. पैसे जातात ते ळ, ल, श्र यांच्या गोलाईत.

आता तक्त्याचं गणित बघा. पांढरी अक्षरं साध्या अल्फाने ठेवली, म्हणजे रंग २५५ कायम आणि फक्त अल्फा बदलतो, तर खण ठरतो अल्फा गुणिले ११वरून. ११ विषम असल्यामुळे सगळे ६४ खण वापरात येतात, एका खणावर चार अल्फा. तेच रंग आधीच अल्फाने गुणून ठेवले तर चारही चॅनलचा आकडा एकच होतो आणि गुणक ३, ५, ७, ११ची बेरीज, २६. ही सम, म्हणून निम्मेच खण वापरले जातात आणि एका खणासाठी आठ अल्फांची मारामारी. गुणून ठेवलेल्या पाट्यांच्या फायली म्हणूनच फुगतात. तपशीलपत्रातही अल्फाने न गुणलेले रंगच गृहीत धरलेत. लायब्ररी आत गुणून ठेवत असेल तर लिहिण्याआधी ते उलटवावं लागतं, आणि कमी अल्फाला त्यात अचूकता जाते. हे रूपांतर एन्कोडरने गुपचूप करू नये. वापरणाऱ्याने ते सांगून करावं.

साध्या अल्फातही टक्कर होतेच. पांढऱ्याचे १३, ७७, १४१ आणि २०५ हे अल्फा शून्याव्या खणात पडतात, म्हणजे पारदर्शक पार्श्वभूमीच्याच जागेवर. असा पिक्सेल कडेला आला की त्यानंतरच्या पहिल्या पारदर्शक पिक्सेलला पाच बाइट लागतात. ‘मग पारदर्शक भागातले रंग आपणच शून्य करून टाकूया’ ही सूचना येते. ती मानू नये. अल्फा शून्य असला तरी खालचा रंग हा डेटा आहे, आणि फॉरमॅट हानी न करणारा म्हणवतो.

त्याच न्यायाने काही गोष्टी सरळ नाकाराव्या लागल्या. क्यूओआयमध्ये करडं चित्र नाही, १६ बिटांचे चॅनल नाहीत, रंग-प्रोफाइल, डीपीआय, एक्झिफ काहीच ठेवायला जागा नाही. करडं चित्र तीन चॅनल करून लिहिण्यात काही हरवत नाही, म्हणून ते चालतं. १६ बिटांचं ८ करण्यात निम्मी माहिती जाते, म्हणून तिथे एरर. प्रोफाइल असेल तर इशारा.

टेस्ट, रिव्ह्यू आणि पुढे

टेस्ट-चित्रं लहान ठेवावीत आणि त्यांचा हक्क स्पष्ट असावा. मरीन ड्राइव्हचा कुठून तरी उतरवलेला फोटो चालत नाही. पाटीचं चित्र लागलं तेव्हा मुंबईच्याच ‘एक टाइप’ यांचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट वापरता येतो. त्याचं लायसन्स ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) आहे आणि त्याने बनवलेल्या चित्रावर कसलं बंधन येत नाही. ‘पुढील स्टेशन दादर’ एवढी एक ओळ, ३०० पिक्सेल रुंद, शिरोरेषा आणि गोलाई दोन्ही तपासायला पुरते. बाकी चित्रं दोन-चार पिक्सेलची: १ × १, ६२ × १, ६३ × १, ७ × ९. काळ्या ६२ × १चा डेटा एकच बाइट, २५३. ६३ × १चा २५३ आणि १९२.

पुल रिक्वेस्ट एक मोठी न टाकता तीन टाकाव्यात: ओळख आणि डीकोडर, मग एन्कोडर, मग पायथनचं आवरण आणि दस्तऐवज. ओळख पटवण्याच्या यादीत क्यूओआय टीजीए या जुन्या चित्र-फॉरमॅटच्या आधी बसवावा. टीजीएला सुरुवातीला खूणच नसते, त्यामुळे त्याची तपासणी बहुतेक ठिकाणी ढिली असते. फॉरमॅटच्या एनममध्ये (क्रमांक दिलेल्या नावांच्या यादीत) मात्र नवं नाव सगळ्यात शेवटी. वर्णक्रमाने मध्ये घुसवलं की पुढच्या सगळ्यांचे आकडे एकाने सरकतात आणि जुन्या आवृत्तीवर कंपाइल झालेले प्रोग्राम पीएनजी मागून भलतंच काहीतरी मिळवतात.

टेस्ट अॅड्रेस आणि अनडिफाइंड-बिहेव्हियर सॅनिटायझर (मेमरीच्या आणि सीच्या नियमभंगाच्या चुका चालतानाच पकडणारी साधनं) लावून आधी आपल्या मशीनवर चालवाव्यात. रिव्ह्यू चालू असताना इतिहास पुसून पुन्हा ढकलू नये, रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांचा संदर्भ तुटतो. दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये घालाव्यात आणि शेवटी मेंटेनर म्हणेल तेव्हा एकत्र कराव्यात. वेळेचंही भान हवं: उन्हाळ्यात आपले साडेबारा वाजतात तेव्हा जर्मनीत सकाळचे नऊ, आणि कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. दुपारी जेवणाआधी ढकललेलं काम युरोपातल्या रिव्ह्यूअरला सकाळी, स्वयंचलित टेस्ट पूर्ण होऊन मिळतं.

मर्ज झालं म्हणजे स्टुडिओतल्या मशीनवर आलं असं नाही. तिथे बहुधा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती असते आणि तिच्यात नवी वैशिष्ट्यं मागाहून येत नाहीत. पुढच्या आवृत्तीपर्यंत स्वतःचं पायथन व्हील (तयार पॅकेज) बांधून, त्यात नेमका कोणता कमिट आहे ते नावात लिहून, ते वापरायचं. प्रकल्प ओपन सोर्स कोडवर सतत फझिंग चालवणाऱ्या गुगलच्या ओएसएस-फझमध्ये असेल तर नव्या डीकोडरवर फझर आपोआप सुटत नाही, त्यासाठी वेगळं लक्ष्य लिहून जोडावं लागतं. त्याचे बग-अहवाल मेंटेनरच्या ईमेलवर जातात आणि दुरुस्ती झाली नाही तरी ९० दिवसांनी उघड होतात. डीकोडर आपला असेल तर प्रकल्पाच्या तिथल्या मांडणी फाइलमध्ये आपलाही पत्ता घालायची विनंती मर्जच्याच आठवड्यात करून टाकावी.